तीन पिनांवरचं ओझं

मोठ्या रेडिओ कंट्रोल विमानाचं झाकण काढलं की नवखा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो. लहान विमानात बॅटरीचा प्लग सरळ रिसीव्हरमध्ये खुपसला की काम झालं. मग इथे दोन बॅटऱ्या, दोन स्विच, मधोमध एक डबी आणि तिच्यातून पंखांकडे, शेपटीकडे गेलेल्या जाड वायरी, हा सगळा खटाटोप कशाला? गंमत अशी, की वेगवेगळी वीज खेळवणं हीच मूळची रीत. सगळं रिसीव्हरच्या गळ्यात घालण्याची सोय नंतर आली, आणि ती लहान विमानांच्या मापाने बेतलेली होती.

पहिली विमानं मात्र लहान नव्हतीच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे 8 फूट. ती नुसती हौस नव्हती. रिसीव्हर आणि बॅटऱ्यांचं वजन उचलायचं तर तेवढा पंख हवाच होता. (1960 पासून हे विमान स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.) त्या काळचे रिसीव्हर व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्टच्या आसपासची ‘ए’ बॅटरी आणि प्लेटला 45 व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची ‘बी’ बॅटरी, असा दुहेरी संसार. 1938 मध्ये रेथियन कंपनीने आरके-61 हा चिमुकला व्हॉल्व्ह खास मॉडेल विमानांसाठी म्हणून बाजारात आणला. तो फार दिवस टिकत नसे, पण एकाच व्हॉल्व्हवर सगळा रिसीव्हर बसायचा.

सुकाणू हलवण्याचं कष्टाचं काम विजेकडे नव्हतंच, ते करायचा पीळ दिलेला रबर. सिग्नल आला की रिसीव्हर रिले हलवायचा, रिले निराळ्या बॅटरीतून इलेक्ट्रोमॅग्नेटला वीज द्यायचा, इलेक्ट्रोमॅग्नेट खटका सोडायचा आणि रबराच्या जोरावर सुकाणू डावीकडे, मग मध्ये, मग उजवीकडे. म्हणजे ऐकणाऱ्याची वीज वेगळी, हलवणाऱ्याची वेगळी. रिसीव्हरमधून जायचा तो फक्त हुकूम.

हा सवता सुभा ट्रान्झिस्टरने मोडला. 45 व्होल्टची पेटी गेली, आणि 1960 च्या दशकात काठी जितकी हलवावी तितकंच सुकाणू हलवणारी डिजिटल प्रपोर्शनल यंत्रणा आली. तिच्यासोबत आजच्या ओळखीचा सर्व्हो आला: मोटर, गिअर, आणि आपण कुठवर फिरलो हे सांगणारा पोटेन्शिओमीटर. सव्वा व्होल्टहून किंचित कमी दाबाचे चार निकेल-कॅडमियम सेल जोडून 4.8 व्होल्ट मिळत. सुरुवातीच्या काही सर्व्होंना चार वायरी होत्या, कारण पॅकच्या मधोमध 2.4 व्होल्टचा वेगळा फाटा काढावा लागे. पुढे ती चौथी वायर गळाली आणि उरल्या तीन: धन, ऋण आणि सिग्नल. सिग्नल म्हणजे 1 ते 2 मिलिसेकंद रुंदीचा विजेचा ठोका, दीड मिलिसेकंदाला सुकाणू मध्यावर. पिना एकमेकींपासून एक दशांश इंचावर. फुटाबा कंपनीच्या वायरींचे रंग निराळे, जेआर कंपनीचे निराळे, पण लाल वायर दोघांकडेही मधोमध, म्हणून प्लग उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही. ज्याने कुणी हे योजलं त्याला मानलं पाहिजे.

रिसीव्हरमधल्या सगळ्या लाल पिना आतून एकाच पट्टीवर बसवलेल्या असतात, काळ्याही तशाच. त्यामुळे बॅटरी कुठल्याही रिकाम्या खाचेत लावा, वीज सगळ्यांना पोचते. चार सर्व्होंच्या विमानात ही मोठी सोय झाली. पण सिग्नल ऐकायला केलेली नाजूक डबी अशा रीतीने सगळ्यांना वीज वाटणारी झाली, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

1970 च्या दशकात अमेरिकेत खऱ्या विमानाच्या एक चतुर्थांश मापाची विमानं करण्याचं वेड पसरलं. झाडं कापायच्या करवतीची पेट्रोल इंजिनं त्यांच्या नाकावर बसली. तिथल्या मोठ्या विमानवाल्यांच्या संघटनेने एकपंखी विमानासाठी 80 इंच ही किमान लांबी ठरवली. विमान मोठं, सर्व्हो दमदार आणि संख्येने जास्त. एका सुकाणूला दोन-दोन, तीन-तीन. प्लग मात्र तोच. एकाच दांड्याला जोडलेल्या दोन सर्व्होंपैकी एकाचा मध्य केसभर जरी सरकलेला असला तरी ते एकमेकांशी झगडत राहतात. विमान जमिनीवर उभं असतानाही त्यांची गुणगुण ऐकू येते, हात लावला तर कोमट लागतात, आणि बॅटरी रिकामी होत राहते.

हिशेब साधा आहे. 26 गेजच्या वायरीला दर मीटरला सुमारे 0.13 ओहम अवरोध असतो. बॅटरी 60 सेंटीमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन 1.2 मीटर, म्हणजे 0.16 ओहम. कसरतीच्या एका झटक्यात 10 अँपिअर ओढले गेले की वायरीतच 1.6 व्होल्ट खर्ची पडतात. 6 व्होल्टच्या पॅकमधून रिसीव्हरला 4.4 पोचतात, आणि यात प्लग आणि स्विच धरलेलेच नाहीत. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम पाणी भरायला घेतलं की वरच्या मजल्यावरच्या नळाला जशी करंगळीएवढी धार येते, तसंच हे.

त्यात निकेल-कॅडमियमचा स्वतःचा एक रोग. पॅकच्या ऋण टोकाकडून काळी वायर आतून कुजत जाते. वरून नवीकोरी दिसते. साल काढली की तांबं काळंठिक्कर, डाख धरत नाही. अवरोध वाढत जातो आणि व्होल्टमीटरला पत्ता लागत नाही, कारण भार नसताना आकडा बरोबर येतो.

जुने 72 किंवा 35 मेगाहर्ट्झचे रिसीव्हर हे सगळं निमूट सोसत. दाब क्षणभर खाली गेला तर सर्व्हो अडखळे, पुन्हा चाले. 2005-06 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झचे सेट आले आणि रिसीव्हरच्या पोटात प्रोसेसर बसला. दाब साडेतीन व्होल्टच्या आसपास घसरला की प्रोसेसर बंद पडून पुन्हा सुरू होई, आणि सुरुवातीच्या काही रिसीव्हरना ट्रान्समीटर पुन्हा सापडायला काही सेकंद लागत. ताशी 100 किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला 28 मीटर कापतं. मैदानावरचे लोक ‘सिग्नल गेला’ म्हणत रेडिओला शिव्या घालत, आणि कित्येकदा खरा दोष वायरीत असे.

मग पुन्हा सुभे वेगळे झाले. जर्मनीतल्या डोनाउवर्थच्या पॉवरबॉक्स सिस्टिम्ससारख्या कंपन्यांच्या डब्यांत दोन बॅटऱ्या जाड वायरींनी येतात, सर्व्होंना वीज तिथूनच मिळते, आणि रिसीव्हरला त्याच्यापुरता शिधा. हुकूम रिसीव्हरकडून, जोर डबीकडून. या डब्यांचा स्विच उलट्या बुद्धीचा असतो, आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. तो फक्त चालू-बंदची आज्ञा देतो, करंट त्याच्यातून जात नाही. काही प्रकारांत लाल फीत बांधलेली पिन उपसली की विमान चालू होतं. वायर तुटली, स्विच निखळला, तरी यंत्रणा चालूच राहते.

बॅटरीही बदलली. ए123 कंपनीचे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल आले तेव्हा हौशी लोकांनी ड्रिल मशीनचे पॅक फोडून ते काढले. दोन सेलचे 6.6 व्होल्ट, रेग्युलेटरची गरज नाही. दोन पॅक जोडताना मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड घालावा की नको, यावर मात्र अजून तावातावाने वाद होतो. नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं, एक नग वाढला की बिघडायची एक जागा वाढली. हवा म्हणणाऱ्यांना भीती ही, की एक पॅक आतून शॉर्ट झाला तर दुसऱ्यालाही खाईल. मी डायोडवाल्यांच्या बाजूचा. चांगला शॉट्की डायोड चार दशांश व्होल्ट खातो हे खरं, पण 6.6 मधून तेवढे गेले तरी 6.2 उरतात, आणि सर्व्होला तेवढे भरपूर झाले.