बाळाची आवड घडते आईच्या ताटात

पालेभाजी पाहताच मूल तोंड फिरवते, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. मुलांच्या या आवडीनिवडीची सुरुवात उष्टावणाच्या कितीतरी आधी, गर्भातच होते, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

आईच्या अन्नातील वास व चव देणारे काही सूक्ष्म घटक रक्तावाटे गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतात. गर्भ हे जल नियमितपणे गिळत असतो. त्यामुळे घरच्या जेवणाशी त्याची पहिली ओळख जन्मापूर्वीच होते.

गाजराचा प्रयोग

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या ज्यूली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये स्तनदा मातांना लसूण दिला. त्यानंतर सुमारे दोन तासांनी दुधातील लसणाचा वास सर्वाधिक जाणवला आणि बाळे अधिक वेळ अंगावर पीत राहिली. याच गटाचा ४६ मातांवरील अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मातांनी गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला होता, त्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज खाताना कमी नाके मुरडली. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या २०२२ मधील सोनोग्राफी अभ्यासात तर गाजराच्या चवीला गर्भाचा चेहरा हसरा, तर केल या कडवट पालेभाजीला रडवेला झालेला दिसला.

बाळंतिणीचे पथ्य

नांदेड जिल्ह्यातील उमरी परिसरात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, मेथी, शेपू हे नित्याचे अन्न. बाळंतिणीला अळीव, डिंक, मेथीचे लाडू, ओवा आणि बाळंतशोपा देण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. बाळंतशोपा म्हणजे शेपूचेच बी. चवींची ओळख करून देण्याच्या दृष्टीने ही परंपरा उपयुक्तच ठरते.

मात्र 'बाळाला बाधेल' या भीतीने अनेक घरांत बाळंतिणीच्या पालेभाज्या, डाळी व फळे कित्येक आठवडे बंद केली जातात. त्यामुळे बाळाला मिळणाऱ्या चवींचे वैविध्य घटते आणि आईचे पोषणही खालावते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. अशा मातेच्या ताटातून भाजी व डाळ काढून घेणे तिला परवडणारे नाही.

काय करावे?

* गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात घरातील सर्व भाज्या, डाळी, फळे आलटून-पालटून खावीत.
* तंबाखू, मिश्री व मद्य पूर्णपणे टाळावे. निकोटीन व मद्यार्कही दुधात उतरतात.
* एखाद्या पदार्थानंतर बाळाला पुरळ आल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. स्वतःहून अनेक पदार्थ वर्ज्य करू नयेत.
* सहा महिने केवळ स्तनपान द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करताना नावडती भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी, बळजबरी न करता द्यावी.

आईच्या आहाराने मुलाची आवड कायमची ठरून जात नाही. पुढे घरातील माणसे काय खातात, हेही मूल पाहत असतेच. वरचे दूध घेणाऱ्या बाळांनाही वारंवार चव देऊन भाज्यांची गोडी लावता येते. तरीही अंबाडीची भाजी मुलाने आवडीने खावी असे वाटत असेल, तर ती आधी आईच्या ताटात असलेली बरी.