अक्षर कापायचं कुठे?

1616 साली गोव्यातल्या रायतूरच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा अस्सल मराठी, अक्षरं मात्र रोमन. देवनागरीचे छपाईचे खिळेच तिथे नव्हते. भारतीय अक्षर धातूत उतरतच नव्हतं म्हणावं, तर त्याआधी 1578 मध्ये कोल्लमला तमिळ पुस्तक तमिळ खिळ्यांनी छापलं गेलं होतं. पण तमिळला जोडाक्षरांचा त्रास फारसा नाही, आणि देवनागरीत ती संपता संपत नाहीत.

टायपोग्राफी शिकताना हे उशिरा ध्यानात येतं. आधी आम्हाला बोरू तासायला शिकवलं, तोही इंग्रजी निबाच्या उलट तिरका, कारण आपल्या अक्षरात जाड-बारीक त्या तिरपेनेच पडतं. बोरूने 'स्त्री' लिहिताना कसलीच अडचण येत नाही. हात वर जातो, खाली येतो, शिरोरेघ ओढून मोकळा होतो. खिळा ओतणाऱ्याला ही चैन नाही. रोमन अक्षरं एकेकटी उभी असतात, एकाला एक खिळा दिला की काम झालं. आपल्याकडे डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, शेजाऱ्याच्या अंगात घुसलेलं अर्धं व्यंजन. यातला किती तुकडा म्हणजे एक खिळा? देवनागरी मुद्रणाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

1805 या एकाच वर्षात त्याला दोन उत्तरं मिळाली. मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. इथे कापाकापी नाहीच. शास्त्रीबुवांचं वळण जसंच्या तसं धातूवर. पण गीतेचा पत्रा गीतेपुरताच. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापून निघालं. त्या छापखान्याचे ठसे कोरायला सुरुवात केली होती पंचानन कर्मकार यांनी. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली अक्षरांवर तयार झालेला हा कारागीर. मराठी छपाईच्या कुळात एका बंगाल्याचं नाव इतक्या वरच्या पिढीत येतं, ते आपण सहसा घेत नाही.

ठसा कोरणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावाचं कोरायचं, कांब तापवून कडक करायची, तांब्याच्या तुकड्यावर तिचा घाव घालून साचा पाडायचा, आणि त्या साच्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. कोरताना कानस एक केस जास्त फिरली, तर ती चूक त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक खिळ्यात उतरणार.

मुंबईत ही विद्या रुजली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. तिथे टॉमस ग्रॅहम या कारागिराने देवनागरीचे ठसे लहान आणि सुबक केले. त्या काळी छापील कागदाचा लोकांना विटाळ वाटे, शाईत चरबी असते म्हणून. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तो प्रश्न सोडवला असं सांगतात. 1831 मध्ये त्यांनी शिळाछापावर पंचांग काढलं आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. मिशनच्याच ओतकामात पोरवयात राबलेले जावजी दादाजी यांनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी ठसे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरी वळण इतकं पसरलं, की काशीचे पंडितही संस्कृत ग्रंथ त्याच अक्षरांत वाचू लागले. मालकाचं नाव पुस्तकावर छापलं जातं. आरूंचं वळण मात्र पुस्तकाच्या पानापानावर आहे.

मुंबईकरांनी कापणी आडवी केली. मूळ अक्षर ठेंगण्या खिळ्यावर. मात्रा, अनुस्वार, रफार वरच्या मजल्यावर. उकार आणि ऋकार खालच्या. छापखान्यात याला डिग्री टाइप म्हणत. जुळाऱ्याला एका ओळीसाठी खरं तर तीन ओळी जुळवाव्या लागत, आणि जिथे मात्रा नाही तिथे कोऱ्या धातूचे तुकडे भरावे लागत. दुसरी पद्धत अखंड टाइपाची. यात मजले नाहीत, खिळा पुऱ्या उंचीचा. पण मात्रेसकट अक्षरं ओतायची म्हणजे खिळ्यांची पेटी आडवीतिडवी वाढलीच. एका पद्धतीत जुळाऱ्याची बोटं शिणत, दुसरीत पाय.

उभी कापणी मात्र लिपीने स्वतःच सुचवली होती. त, न, ग, स यांचा दंड काढला की अर्धं अक्षर तयार, पुढे काहीही जोडा. ट, ठ, ड, द, ह यांना असा सुटा होणारा दंडच नाही. म्हणून द्ध, द्व, ह्म यांना वेगळे खिळे लागले. आणि खास मराठी दुखणं म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला चंद्रकोरीसारखा र. हिंदीला त्याची गरज नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या टाइपात तो हटकून नसे.

मग यंत्रं आली. लायनो, मोनो ही जुळणीची यंत्रं आणि टाइपरायटर यांच्याकडे जागा मोजकी. आतापर्यंत लिपीसाठी खिळे वाढत होते. आता यंत्रासाठी लिपी कमी करा असं सुरू झालं. टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याच्या खटपटीत बराच काळ घातला. सावरकरांनी अ लाच बाराखडी लावली: अि, अी, अु, अू. 'किर्लोस्कर' मासिकाने ती काही काळ चालवलीही. मला ती सूचना तर्काला धरून वाटते, डोळ्यांना मात्र अजून खुपते. शाळेच्या पुस्तकांत 'विद्या'ची 'विद्‌या' झाली, तिच्यामागेही हीच सोय. 1971 मध्ये बापूराव नाईकांनी देवनागरी टायपोग्राफीवर तीन खंड लिहून या साऱ्या उलाढालीची नोंद केली. ग्रंथालयात ते दिसले तर विद्यार्थ्यांनी निदान चित्रं तरी पाहावीत.

संगणकाने कापणीच जागेवरून हलवली. युनिकोडमध्ये 'क्ष' असा तुकडा नाही. क, हलन्त आणि ष एवढंच साठवलं जातं. पडद्यावर कोणता आकार उमटायचा ते फॉन्टमधले नियम ठरवतात. विंडोजमधला 'मंगल' हा र. कृ. जोशींचा. बोरूवर हात बसलेल्या या माणसाने संगणकासाठीही अक्षर घडवलं. जागेची टंचाई संपल्यावर गमावलेली जोडाक्षरं परत आणता येऊ लागली. वर्गातली मुलं आता 'ष्ट्र्य' सारखे चारमजली इमले हौसेने रचतात.

चंद्रकोरीचा र मात्र अजून निमूट बसलेला नाही. तो दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. दिसायला सारखाच, पण शोधायला गेलं तर एक सापडतो, दुसरा हुकतो. ल आणि श यांचीही कटकट आहे, पण वेगळी. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळणाचे आकार पुन्हा अधिकृत केले. बऱ्याच फॉन्टमध्ये हे आकार आत आहेतही, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं त्यांना सांगितलं तरच ते बाहेर येतात. नाही सांगितलं, तर फॉन्ट हिंदी धरून चालतो आणि मुंबईत छापलेल्या लग्नपत्रिकेवर दंडाचा ल उमटतो.