दोन स्वल्पविराम आणि मेजर कॅन्डी

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. नोकरीचं पहिलं वर्ष. रात्रीच्या टीमला मी इंग्रजीत मेल टाकला: ‘द सर्व्हर्स, व्हिच आर ओल्ड, कॅन बी शट डाउन.’ मला म्हणायचं होतं, जे सर्व्हर जुने आहेत तेवढेच बंद करा. पण ‘व्हिच आर ओल्ड’च्या दोन्ही बाजूंना मी स्वल्पविराम दिले होते. त्यामुळे अर्थ झाला: सगळेच सर्व्हर जुने आहेत, सगळे बंद करा. त्यांनी केले! पहाटेपर्यंत निस्तरत बसलो.

आता भुसावळ स्टेशनवर या. समजा पाटी आहे: ‘पॅसेंजर्स हू हॅव नो तिकीट विल बी फाइन्ड.’ म्हणजे फुकट्यांना दंड. ‘हू’च्या आधी आणि ‘तिकीट’च्या नंतर स्वल्पविराम टाका. आता फलाटावरचे सगळेच फुकटे ठरले, तुम्ही-आम्हीसुद्धा!

मराठीत असा घोळ सहसा होत नाही. ‘ज्यांच्याकडे तिकीट नाही, त्यांना दंड.’ ‘जो’ आणि ‘तो’ची जोडी अर्थ घट्ट धरून ठेवते. स्वल्पविराम काढला तरी दंड फुकट्यालाच. जुन्या मोडी कागदांत तर विरामचिन्हं नव्हतीच, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. तरी हिशेब, पत्रं, वतनाचे वाद सगळं त्यातच चालायचं.

मग ही चिन्हं आली कुठून? इंग्रजीतून. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. मोल्सवर्थच्या शब्दकोशावर काम केलेले मेजर थॉमस कॅन्डी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं आणि मराठीला विरामचिन्हांची ओळख करून दिली. पुढे शाळेची पुस्तकं छापली जाऊ लागली, तशी ती चिन्हं आपल्या अंगवळणी पडली.

गंमत इथेच आहे. चिन्ह आपण घेतलं, पण इंग्रजीत ते जे काम करतं ते शिकायचं राहिलं. मला शाळेत सांगितलं होतं, ‘जिथे श्वास घेशील तिथे स्वल्पविराम दे.’ मराठीत ते चालून जातं. इंग्रजीत ‘हू’ आणि ‘व्हिच’च्या आधीचा स्वल्पविराम श्वासासाठी नसतो. तो सांगतो, ‘ही फक्त जादा माहिती आहे.’ स्वल्पविराम नसेल, तर ती माहिती ‘कोणता’ ते ठरवते.

म्हणून मेल पाठवण्याआधी एक चाचणी करा. स्वल्पविरामांमधला तुकडा झाकून वाक्य वाचा. तरीही म्हणायचं तेच राहिलं, तर स्वल्पविराम ठेवा. अर्थ बदलला, तर दोन्ही काढा.

मी तो मेल असा झाकून वाचला असता, तर उरलं असतं: ‘सर्व्हर बंद करा.’ तेव्हाच कळलं असतं, भो!

भेटू पुढच्या एपिसोडला.