दोर्नकलचे अय्यगारू

माझ्या आजीचं माहेर बोधनकडचं. आम्ही मादगी समाजाचे, घरात मराठी-तेलुगू दोन्ही चालायचं. आजीचा एक चुलतभाऊ सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणीत होता. दोर्नकल जंक्शनला गाडी बदलून तो माहेरी यायचा आणि तिथल्या 'अय्यगारू'ची गोष्ट सांगायचा. काळा माणूस, गोऱ्या पाद्र्यांचा साहेब, आणि आपल्यासारख्यांच्या वस्तीत येऊन बसतो म्हणे. आजी ती गोष्ट आम्हाला सांगायची आणि शेवटी विचारायची, "खरं असंल का रं?" नांदेडकडच्या नायगावात इतिहासाचा मास्तर झाल्यावर मी शोधून काढलं. खरं होतं.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे त्यांचं नाव. जन्म 17 ऑगस्ट 1874 चा, तेव्हाच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या खेड्यातला. वडील गावच्या चर्चचे पाळक. घर नाडार समाजातलं, म्हणजे ताडाच्या झाडावर चढून रस काढणाऱ्यांचं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पण पदवी हातात पडली नाही. 1898 मध्ये अन्बू या शिकलेल्या मुलीशी हुंडा न घेता लग्न केलं. 1903 मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी आपलाच पैसा आणि आपलीच माणसं घालून इंडियन मिशनरी सोसायटी काढली. ती काढणाऱ्यांत अझरिया होते. या संस्थेनं कामासाठी दोर्नकल निवडलं. 1909 मध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन ते स्वतःच तिथं गेले. मातृभाषा तमिळ. पस्तिशीत तेलुगू शिकायला बसले.

दोर्नकल आमच्या मोगलाईतलंच, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. आम्ही पश्चिमेकडं, ते पूर्वेकडं. निजाम एक, त्याचं हाली सिक्क्याचं चलन एक. आमच्याकडं मोगलाईचा इतिहास म्हणजे रझाकार आणि मुक्तिसंग्राम. तो सांगायलाच हवा. पण त्याच राज्यात हा माणूस बैलगाडीनं, सायकलीनं खेडी फिरत होता, हे आमच्या मुलांना मीच पहिल्यांदा सांगितलं.

जून 1910 मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरात जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली. अझरिया तिथं उभे राहिले आणि त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. तुम्ही गोरे लोक आमच्यासाठी कष्ट करता, पैसा देता, जीवही देता, पण आम्हाला बरोबरीनं जेवायला बोलावत नाही. आम्हाला मित्र हवेत, असं त्यांचं मागणं होतं. सभेत खळबळ उडाली. ज्यांच्या मदतीवर आपलं काम चालतं, त्यांच्याच तोंडावर असं बोलणं सोपं नसतं. माझ्या मते त्यांचं सगळं आयुष्य त्या एका मागणीत आहे.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी होते. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अझरिया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचा हा पहिला भारतीय बिशप. पुढं बत्तीस वर्षं, त्यांच्या मरणापर्यंत, स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा भारतीय बिशप त्या चर्चनं केला नाही. ही गोष्ट मला आजही बोचते.

त्यांच्याकडं आलेली बहुतेक माणसं माला आणि मादिगा या दलित जातींची. हे मादिगा म्हणजे बिलोली-देगलूरकडं आम्हाला मादगी म्हणतात तेच. घाण, रोग, कर्ज आणि दारू या चार भुतांशी लढा, असं ते सांगत. हे चारही शब्द आमच्या वस्तीनं भोगलेत. सावकाराचं व्याज बापाकडून लेकाकडं यायचं, म्हणून त्यांच्या प्रांतात सहकारी पतपेढ्या निघाल्या. दवाखाने निघाले. शिकवायला खेड्याखेड्यांत मास्तर बसले, आणि मोठ्या संख्येनं तेही त्याच वस्त्यांमधले. 1941 पर्यंत प्रांतात दोन लाखांवर ख्रिस्ती होते. एवढी माणसं धर्म बदलतात याबद्दल गांधीजींची नाराजी होती, आणि दोघांचं त्यावर जमलं नाही. पण ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ नकोत, असंही अझरियाच म्हणत होते.

दोर्नकलचं कॅथेड्रल मी पाहून आलो. ते बांधायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली, 6 जानेवारी 1939 रोजी ते खुलं झालं. खांब देवळासारखे, घुमट मशिदीसारखे. विलायती चर्चची नक्कल अझरियांना नकोच होती. मी बाहेर चपला काढल्या. सिंगरेणीला जाणाऱ्या मामाआजोबानं हेच घुमट गाडीतून पाहिले असतील का, असं वाटत राहिलं.

1 जानेवारी 1945 रोजी दोर्नकललाच ते गेले. वेगवेगळ्या पंथांची चर्चं एक व्हावीत म्हणून 1919 पासून ते झटत होते. त्यातूनच चर्च ऑफ साउथ इंडिया मद्रासला 27 सप्टेंबर 1947 रोजी झालं, तेव्हा ते नव्हते. आम्ही नांदेडकर तर तेव्हा अजून निजामाचेच होतो, आणखी वर्षभर.

दोर्नकलच्या कॅथेड्रलच्या म्हाताऱ्या रखवालदारानं मला विचारलं, कुठून आलात? मी आजीच्या तेलुगूत सांगितलं, "नायगावहून. नांदेडकडचं." त्यानं खुर्ची पुढं सरकवली आणि आधी पाणी आणून दिलं.