तीनने का भागायचं? लीलावती ते समाकलन

मंडळी, इथून जवळच, माजिवड्याच्या नाक्यावरून रोज कितीतरी गाड्या नाशिककडे जातात. नाशिकच्याही पुढे, चाळीसगावजवळ पाटणे हे गाव आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, अशी नोंद १२०७ च्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

आता बारावीच्या मुलांना विचारा, क्ष वर्गाचं इंटिग्रेशन किती? क्ष घन भागिले ३. पण ३ च का? बहुतेकजण म्हणतील, सूत्रच आहे तसं!

या ३ चा माग ११५० च्या ‘लीलावती’त लागतो. क्ष वर्गाच्या आलेखाखाली, ० ते १ मध्ये, सारख्या रुंदीच्या १० पट्ट्या उभ्या करा. त्यांचं क्षेत्रफळ म्हणजे १ ते १० च्या वर्गांची बेरीज भागिले १०००. लीलावतीतली रीत अशी: पदाची दुप्पट अधिक १, भागिले ३, गुणिले संकलित. संकलित म्हणजे १ ते १० ची बेरीज, ५५. २१ भागिले ३ म्हणजे ७, सात गुणिले ५५ म्हणजे ३८५. क्षेत्रफळ आलं ०.३८५. शंभर पट्ट्या घेतल्या तर ०.३३८३५. हजार घेतल्या तर जवळपास ०.३३३८. आकडा एक तृतीयांशाकडे सरकतोय, बघा.

मग भास्कराचार्यांना कलनशास्त्र येत होतं का? मूळचे पुण्याचे, काशीत शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये ग्रहांच्या तात्कालिक गतीचा दाखला देऊन ‘हो’ म्हटलं. त्यावर इंग्लंडमधूनही आक्षेप आले. मला वाटतं, इथे नेमकं बोलावं. वर्गांची बेरीज भास्कराचार्यांच्याही आधी, ४९९ च्या आर्यभटीयात आहे. पट्ट्या अमर्याद वाढवण्याचा विचार मात्र लीलावतीत नाही. तो केरळच्या माधवाच्या परंपरेत, सोळाव्या शतकातल्या मल्याळम ‘युक्तिभाषे’त दिसतो. समाकलन ही विकलनाची उलट क्रिया आहे, हे सर्वसाधारण पद्धत म्हणून मांडलं ते न्यूटन आणि लायब्निझ यांनी, सतराव्या शतकात.

ज्याचं श्रेय त्याला दिलं, की भास्कराचार्य लहान होत नाहीत. उलट त्यांनी नेमकं काय केलं ते दिसतं.

जाता जाता एक गृहपाठ. लीलावती सांगते, घनांची बेरीज म्हणजे संकलिताचा वर्ग. ५५ चा वर्ग ३०२५, भागिले १००००. आता शंभर पट्ट्या घेऊन घरी करून बघा. क्ष घनाच्या इंटिग्रेशनमधला ४ कुठून येतो, ते तुमचं तुम्हालाच सापडेल.