पालाश, ग्राफाइट आणि उशिरा पडलेला प्रश्न



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बॅटरीवर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. विज्ञानात कधी कधी उत्तर आधी सापडतं आणि त्याचा प्रश्न कितीतरी वर्षांनी पडतो. पोटॅशियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडचा इतिहास तसा आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करू. शाळेत आपण अ‍ॅनोडला धनाग्र म्हणायला शिकलो. पण बॅटरी वापरात असताना अ‍ॅनोड हे तिचं ऋण टोक असतं. गोंधळ नको म्हणून आज अ‍ॅनोडच म्हणू. चार्जिंग होताना आयन या अ‍ॅनोडमध्ये शिरतात, वापरताना बाहेर पडतात. म्हणजे अ‍ॅनोड हे पाहुण्यांचं घर. पाहुणे शेकडो, हजारो वेळा येऊन जावेत आणि भिंतींना तडा जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

आता पाहुणा. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं ना? त्यातला पालाश म्हणजे पोटॅशियम. १८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून हा धातू प्रथम वेगळा केला. पुढे १९२६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रेडेनहागेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाहिलं, की पोटॅशियमची वाफ ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरते. आठ कार्बन अणूंमागे पोटॅशियमचा एक अणू, आणि काळं ग्राफाइट चक्क कांस्यवर्णी होतं! उत्तर हाती होतं. पण बॅटरीचा प्रश्न तेव्हा कुणापुढे होता?

तो पडला लिथियमच्या निमित्ताने. १९८० च्या दशकात रशीद याझामी यांनी लिथियम ग्राफाइटमध्ये विजेच्या साहाय्याने आत-बाहेर करता येतं हे दाखवलं. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे तिच्या अ‍ॅनोडमध्ये ग्राफाइट स्थिरावलं. सर्वांत हलका धातू काम देतोय म्हटल्यावर जड भावंडाकडे कोण बघणार?

त्यात सोडियमने दिशाभूल केली. नेहमीच्या विद्रावणांत ते ग्राफाइटमध्ये जवळजवळ शिरतच नाही. आपली सहजबुद्धी म्हणते, सोडियम मावत नाही तर त्याहून मोठं पोटॅशियम कसं मावेल? पण हा नुसता मापाचा प्रश्न नाही, ऊर्जेच्या जमाखर्चाचा आहे. धातूतून अणू सुटा करायला, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते आणि थरांत बसल्यावर किती परत मिळते? सोडियमचा हिशेब तोट्यात जातो. पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन सहज सोडतं, म्हणून त्याचा जमतो.

अखेर २०१५ मध्ये अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या शिउलेई जी यांच्या गटाने आणि जपानमध्ये शिनिची कोमाबा यांच्या गटाने पोटॅशियमसाठी ग्राफाइटचा अ‍ॅनोड चालवून दाखवला. १९२६ नंतर तब्बल ८९ वर्षांनी!

पण पाहुणा घरात आला म्हणजे सुखाने नांदला असं नव्हे. एक ग्रॅम ग्राफाइट लिथियमचा ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार घेऊ शकतं, पोटॅशियमचा २७९. शिवाय लिथियम शिरल्यावर ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगतं, पोटॅशियमने सुमारे ६० टक्के. अ‍ॅनोडवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार झालेला असतो. दर फुगवट्याला तो फाटतो, नवा बनताना विद्रावण खर्ची पडतं आणि बॅटरी म्हातारी होते.

म्हणून आजचं संशोधन जागेभोवती फिरतं. थर अस्ताव्यस्त असलेला कार्बन घेतला, तर फुगायला पोकळ्या मिळतात. जी यांच्या गटालाही ग्राफाइटपेक्षा अशा मऊ कार्बनचा टिकाऊपणा अधिक दिसला होता. अँटिमनी, बिस्मथ यांच्यासारखे पदार्थ कितीतरी जास्त पोटॅशियम घेतात, पण फुगतातही तितकेच. मग त्यांचे अतिसूक्ष्म कण कार्बनमध्ये गुंडाळायचे. काही जण घर तसंच ठेवून विद्रावण बदलतात, म्हणजे पापुद्राच चिवट होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? भूकवचात पोटॅशियम दोन टक्क्यांहून अधिक आहे. लिथियम दहा लाख भागांत जेमतेम वीस. सौर आणि पवनऊर्जा साठवणाऱ्या, एका जागी बसून राहणाऱ्या बॅटरीला थोडं वजन चालतं. मात्र मुबलक म्हणजे आपल्या हाताशी, असं समजू नका. भारत खतासाठीचं पोटॅश आजही मुख्यतः आयातच करतो. तेव्हा अ‍ॅनोड उद्या सुधारला, तरी पालाश आधी शेताला की बॅटरीला, हा प्रश्न उरेलच. तो प्रयोगशाळेत सुटणार नाही. निदान तो विचारायला तरी ८९ वर्षं लावू नयेत.