दोनशे फुटांचा दरबार, एका मायक्रॉनची खोली

पोलादपूरहून सकाळची एस.टी. पकडून तुम्ही महाडला उतरता. तिथून पाचाड, आणि पुढे चढण. महादरवाजा येईपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो. रायगडाच्या नगारखान्याखालून राजसभेत पाऊल टाकता आणि साल बदलतं.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शिवरायांच्या राज्याभिषेकाचा दिवस. इंग्रजांच्या हिशेबाने ६ जून १६७४. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन हजर आहे. तुम्ही दाराशी आणि सिंहासन सुमारे दोनशे फुटांवर. सभा शांत होते आणि तिथे हलक्या आवाजात बोललेला शब्द तुम्हाला इथे लख्ख ऐकू येतो. जागा नीट बांधली तर आवाज वाया जात नाही. मग प्रकाश अडवून ठेवायचा तर खोली केवढी हवी?

उत्तरासाठी पुढे सरका. १९४६, अमेरिकेतलं हार्वर्ड. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांचं जेमतेम एका परिच्छेदाचं टिपण तुमच्या हातात आहे. अणुकेंद्रकाला रेडिओलहरींच्या रूपात ऊर्जा सोडायला मोकळ्या जागेत किती वेळ लागेल, याचा हिशेब त्यात मांडलाय: पाचावर एकवीस शून्यं इतके सेकंद. विश्वाच्या वयाच्या हजारो पट! पण त्याच पदार्थात धातूचे बारीक कण मिसळले तर हे काम काही मिनिटांत व्हावं, असं पर्सेल म्हणतात. याचा अर्थ, ऊर्जा कधी सोडायची हे एकटा अणू ठरवत नाही, भोवतालही ठरवतो.

हाच विचार प्रकाशासाठी राबवलेला पाहायला आता १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या. पॅरिसजवळचं बान्यू, फ्रान्स टेलिकॉमची सीएनईटी प्रयोगशाळा. भौतिकशास्त्रज्ञ जाँ-मिशेल जेरार आणि त्यांचे सहकारी पोलादी निर्वात यंत्राभोवती आहेत. आत गॅलियम, अ‍ॅल्युमिनियम आणि आर्सेनिकची वाफ तापलेल्या चकतीवर अणूंच्या एकेका थराने बसतेय. तासाभरात जेमतेम एक मायक्रॉन. गॅलियम आर्सेनाइड आणि अ‍ॅल्युमिनियम आर्सेनाइड यांचे थर आलटून पालटून, प्रत्येक साधारण सत्तर-ऐंशी नॅनोमीटरचा. दोन थरांमधल्या एका सांध्यावरून एक टक्कासुद्धा प्रकाश परतत नाही. पण अशा वीसेक जोड्या रचल्या की नव्याण्णव टक्क्यांच्या वर परततो. खाली असा एक आरसा, वर दुसरा, मधे खोली.

खोलीत इंडियम आर्सेनाइड सोडलं जातं. त्याची अणुजाळी खालच्या जाळीपेक्षा सात टक्क्यांनी मोठी, त्यामुळे थर ताणाखाली येतो. यंत्राच्या पडद्याकडे नजर ठेवा. थरावरून परतलेल्या इलेक्ट्रॉन-किरणांच्या चमकत्या रेघा एका क्षणी तुटतात आणि त्यांच्या जागी ठिपके उमटतात. सपाट थराची बेटं झाली! वीसेक नॅनोमीटर रुंदीची ही बेटं म्हणजेच क्वांटम डॉट. त्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाचाच प्रकाश देतो. मग हे सगळं कोरून मायक्रॉनभर जाडीचे खांब उभे केले जातात. आता बाजूंनीही प्रकाशाला फारशी वाट नाही.

शिरा त्या खांबात, आणि घड्याळ अब्जपटीने मंद करा. मोकळ्या चकतीतला डॉट ऊर्जा मिळाल्यावर सेकंदभर रेंगाळतो, मग फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो. खांबातला डॉट पाव सेकंदातच सोडून मोकळा होतो. सुटलेला फोटॉन दोन आरशांमधे डझनावारी वेळा वर-खाली होतो आणि मिलिसेकंदभरात वरच्या तोंडातून बाहेर पडतो. जेरार यांच्या गटाने १९९८ साली फोटॉन सोडण्याचा हा वेग पाचपटीपर्यंत वाढल्याचं प्रसिद्ध केलं. मुख्य अटी अशा: डॉटचा रंग खोलीच्या रंगाशी जुळला पाहिजे आणि खोली शक्य तितकी छोटी पाहिजे.

इथे दरबाराची उपमा संपते. राजसभेने शब्द पोचवला, बोलणाऱ्याला बोलायची घाई लावली नाही. ही खोली मात्र बोलणाऱ्यालाच लवकर बोलायला लावते, आणि कोणत्या दिशेने बोलायचं तेही सांगते.

एका वेळी एकच फोटॉन हुकमी देणारे स्रोत आज अशा खोल्यांमधेही बनतात. चोरून वाचता न येणारा संदेश पाठवायला ते उपयोगी पडतात. भारताने एप्रिल २०२३ मधे राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींची मंजुरी दिली. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, गोवा हायवेने महाडहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. महाड-पोलादपूरच्या कॉलेजांत फिजिक्स घेतलेल्या मुलामुलींनो, प्रकाश कसा तयार होतो हे पुस्तकात आहेच. तो कुठे तयार होतो, याचाही अभ्यास करा.